पिन नक्की कुठे टाकायचा? लोकेशन स्काउटिंग, नकाशे आणि जिओटॅगबद्दल

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे की तीन-चार शॉर्टफिल्म केल्यावर पहिल्यांदाच एका फीचरची लोकेशन्स बघायचं काम आलंय, दोन आठवड्यांत ६०० च्या वर फोटो जमलेत, निम्म्यांना लोकेशनच नाहीये, बरेचसे व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेत, आणि डिरेक्टर रोज विचारतोय की तो जुना पूल दिसणारी जागा कुठली होती. तर अ‍ॅप कुठलं घ्यावं, पैसे भरावेत का, आणि घरबसल्या नकाशावर किती काम उरकतं.

अ‍ॅपवर येतो, पण तुमचा घोळ अ‍ॅपमुळे झालेला नाहीये. तुम्ही फोटो स्वतःसाठी काढलेत. तुम्हाला ती जागा आठवते, वळण आठवतं, कुत्रं कुठे झोपलं होतं तेसुद्धा आठवत असेल. पण महिन्याभराने जनरेटरचा ड्रायव्हर पहाटे साडेचारला अंधारात एकटा तिथे जाणार आहे आणि त्याला यातलं काही म्हणजे काही माहीत नाही. नकाशा त्याच्यासाठी करायचा. मी कुठला पिन, किती पिन, काय नाव, हे सगळं त्या ड्रायव्हरला डोळ्यांसमोर ठेवून ठरवतो.

बाकी किती खोलात शिरायचं ते कामावर आहे. दोन दिवसांचं शूट, सहा माणसं, एक गाडी असेल तर फोनमधला नकाशा आणि एक साधी शीट पुरते, उगाच पसारा मांडू नका. १५-२० लोकेशन, ट्रक, क्रेन, दोन युनिट असं असेल तर खालचं सगळं लागेल. नेटवर्क नसलेल्या भागात काम आहे का, फोन कुठला आहे, तुमच्या देशात ड्रोनचे आणि शूटिंगच्या परवानगीचे नियम काय आहेत, यावरही बरंच फिरतं, ते तुम्हालाच बघावं लागेल.

आधी माझी फजिती सांगतो. एक बंद पडलेली गिरणी मला सापडली होती, भिंती काळ्या पडलेल्या, छत अर्धं उडालेलं, डिरेक्टर फोटो बघूनच खूश. मी सॅटेलाइट व्ह्यूमध्ये गिरणीच्या छतावर बोट दाबून धरलं, पिन टाकला, लिंक ग्रुपवर पाठवली. रेकीच्या, म्हणजे सगळ्यांनी मिळून जागा बघायच्या दिवशी मी लवकर पोचलो, गेटपाशी थांबलो. थोड्या वेळाने कालव्याच्या पलीकडे दोन गाड्या येऊन उभ्या राहिल्या आणि त्यातून डिरेक्टर, डीओपी (म्हणजे मुख्य कॅमेरामन) आणि आर्टवाले उतरून माझ्याकडे बघायला लागले. मधे कालवा, पूल बराच पुढे. झालं असं होतं की नॅव्हिगेशन पिनच्या सगळ्यात जवळच्या रस्त्याला गाडी नेतं, आणि छताच्या त्या बिंदूला सगळ्यात जवळचा रस्ता कालव्यापलीकडचा होता. मी स्वतः पहिल्यांदा विचारत विचारत गेलो होतो म्हणून मला हे कळलंच नव्हतं. वळसा घालून त्यांना यायला पाऊण तास लागला, सकाळचा उजेड गेला तो गेलाच.

तेव्हापासून एका लोकेशनला माझे कमीत कमी तीन पिन असतात. एक कॅमेऱ्याचा, म्हणजे फोटो काढताना मी जिथे उभा होतो तिथला. दुसरा आत शिरायचा, गेट, फाटक, पायवाट सुरू होते ती जागा. तिसरा गाड्या उभ्या करायचा. ड्रायव्हरला फक्त तिसरा जातो, डीओपीला पहिला. आणि ज्या गोष्टीचा फोटो आहे, पूल म्हणा, डोंगर म्हणा, तिचा पिन मी बहुतेक वेळा टाकतच नाही, त्याऐवजी कॅमेऱ्याच्या पिनपासून तिच्या दिशेने एक रेघ ओढतो. नकाशावर ती रेघ दिसली की डीओपी फोन न करता सांगतो की इथे सकाळी सूर्य समोरून येणार, संध्याकाळी लावा.

आता जिओटॅग, म्हणजे फोटोला चिकटलेलं लोकेशन. फोनने काढलेल्या फोटोच्या आत एक्झिफ नावाची माहिती असते, त्यात अक्षांश, रेखांश, वेळ, लेन्स आणि फोन लिहीत असेल तर कॅमेऱ्याचं तोंड कुठल्या दिशेला होतं तेही असतं. दिशा सगळे फोन लिहीत नाहीत, म्हणून एक टेस्ट फोटो काढून आधी तपासा. कॅमेरा अ‍ॅपच्या सेटिंगमध्ये लोकेशन चालू आहे का ते बघा, बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्ये ते आपल्याला चालू करावं लागतं. आयफोनवाल्यांनी कॅमेऱ्यासाठी प्रिसाइज लोकेशन चालू आहे ना ते बघावं, ते बंद असेल तर फोटोत लोकेशन येतं पण ढोबळ, सगळा परिसर मिळून एकच ठिपका, आणि हे घरी आल्यावर कळतं.

मी जागेवर पोचल्यावर काय करतो ते सांगतो. गाडीतून उतरलो की पहिला फोटो लगेच काढत नाही. नकाशा उघडतो, तो निळा ठिपका आणि त्याच्याभोवतीचं फिकट वर्तुळ बघतो. वर्तुळ मोठं असेल तर फोनला अजून नीट सिग्नल मिळालेला नाही, अशा वेळी काढलेल्या फोटोला कधी कधी मागच्या ठिकाणचंच लोकेशन चिकटतं. अर्धा-एक मिनिट मोकळ्या आकाशाखाली थांबलं की वर्तुळ आकसतं. मोकळ्यावर फोनचं जीपीएस साधारण ५ मीटरच्या आत बरोबर असतं, पण उंच इमारतींच्या मधे किंवा दरीत सिग्नल भिंतींवर आपटून येतो आणि ठिपका पलीकडच्या गल्लीत उडी मारतो, तिथे पिन हाताने सरकवावा लागतो. मग पहिला फोटो मी कागदाचा काढतो, त्यावर लोकेशन नंबर आणि तारीख, उदाहरणार्थ लो-०७. त्यानंतर एकाच जागी उभं राहून चारी बाजूंचे फोटो, नेहमी उत्तरेपासून सुरू करून घड्याळाच्या काट्यासारखं फिरत. शेवटचा फोटो माझ्या पाठीमागचा असतो, कारण क्रू तिथेच उभा राहणार असतो आणि तिकडे जागा आहे की गटार आहे हे कोणी विचारतच नाही, थेट शूटच्या दिवशी कळतं. होकायंत्र वापरताना गाडी, लोखंडी फाटक, रेलिंग यांच्यापासून चार पावलं लांब राहा, सुई भरकटते.

तुमच्याकडे डीएसएलआर किंवा मिररलेस असेल आणि त्यात जीपीएस नसेल तरी काही अडत नाही. फोनवर ट्रॅक रेकॉर्ड करणारं कुठलंही अ‍ॅप लावून ठेवा, दिवसाच्या शेवटी त्या ट्रॅकची जीपीएक्स फाइल काढा, आणि लाइटरूम क्लासिक, डिजिकॅम किंवा एक्झिफटूलमध्ये वेळ जुळवून फोटोंना लोकेशन चिकटवा. घोळ होतो तो घड्याळाचा. कॅमेऱ्याचं घड्याळ ४ मिनिटं पुढे असेल आणि तुम्ही ताशी ४० किलोमीटरने गाडीतून जाता जाता फोटो काढत असाल तर फोटो अडीच किलोमीटरपेक्षा जास्त लांब जाऊन पडतो. शिवाय जीपीएक्समध्ये वेळ यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत असते, त्यामुळे टाइमझोन चुकला की सगळे फोटो काही तासांनी घसरतात. साधा उपाय म्हणजे सकाळी कॅमेऱ्याने फोनच्या घड्याळाचा सेकंदासकट एक फोटो काढून ठेवायचा, मग फरक किती ते घरी कळतं आणि एका फटक्यात सगळे फोटो सरकवता येतात.

व्हॉट्सअ‍ॅपचं तर रडगाणं आहे. तिथून फोटो म्हणून पाठवलेला फोटो आला की त्यातलं लोकेशन गळून पडतं, एचडी निवडलं तरी. डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर राहतं. लोकांना हे सांगून सांगून मी थकलो, म्हणून आता सरळ शेअर केलेला ड्राइव्ह फोल्डर देतो आणि म्हणतो मूळ फाइल इथे टाका. आयफोनवरून शेअर करताना वरच्या ऑप्शन्समध्ये लोकेशन चालू-बंद करता येतं, तेही एकदा बघून ठेवा.

आकडे लिहिताना एक मोठी फसगत होते. अंश-मिनिट आणि दशांश यांची सरमिसळ. ४१ अंश ३० मिनिटं म्हणजे ४१.५, पण कोणीतरी घाईत ४१.३० लिहितो आणि पिन २२ किलोमीटर लांब जातो, आणि नकाशा काही तक्रार करत नाही कारण तिथेही जमीनच असते. एका प्रॉडक्शनमध्ये एकच पद्धत ठरवा, मी दशांश वापरतो आणि पॉइंटनंतर पाच आकडे ठेवतो, कारण पाचव्या आकड्याला साधारण १ मीटरची किंमत असते. तीनच ठेवले तर शंभरेक मीटरचा फरक पडू शकतो. दुसरं म्हणजे गुगल मॅप आधी अक्षांश मागतं, मग रेखांश, आणि केएमएल किंवा जिओजेसन या नकाशाच्या फाइलींच्या आत मात्र उलटं, आधी रेखांश असतो. हाताने फाइल करायला गेलात आणि सगळी लोकेशन्स भलत्याच खंडात दिसली तर हेच झालंय. आणि सगळी आफ्रिकेच्या पश्चिमेला समुद्रात एकाच ठिपक्यावर जमा झाली असतील तर आकडे शून्य-शून्य गेलेत.

व्हॉट थ्री वर्ड्स आणि प्लस कोड हे फोनवर तोंडी सांगायला बरे आहेत. पहिल्यात ३ बाय ३ मीटरच्या चौकोनाला तीन शब्द, दुसऱ्यात १० अक्षरी कोड आणि सुमारे १४ मीटरचा चौकोन. पण तीन शब्दांत एखादा एस ऐकू आला नाही की भलतीकडे पोचतो, म्हणून शीटमध्ये मूळ आकडे हवेतच, हे वरून.

हे सगळं साठवायचं कशात? मी अजूनही गुगल माय मॅप्स आणि एक शीट यावरच बहुतेक कामं काढतो. माय मॅप्समध्ये १० लेयर मिळतात आणि एका लेयरला २००० पर्यंत गोष्टी, एवढ्यात फीचर आरामात बसतं. लेयर मी सीनप्रमाणे करत नाही, कारण सीन रोज बदलतात. माझे लेयर असतात: नक्की झालेली, डिरेक्टर विचारात आहे, नाकारलेली, आणि पार्किंग-बेस-हॉस्पिटल वगैरेचा एक वेगळा. नाकारलेली कधीही पुसू नका, एडिटिंग चालू असताना पॅचवर्कसाठी, म्हणजे राहिलेले तुकडे शूट करायला तीच परत लागतात. सीन नंबर, मालकाशी बोलणं, परवानगी कुठवर आलीय, वीज, पाणी, हे शीटमध्ये, आणि दोघांना जोडणारा धागा म्हणजे तोच कागदावरचा नंबर, लो-०७. फोटोंच्या फोल्डरला नाव तेच, पिनला तेच, कॉल शीटवर (रोजच्या शूटच्या सूचनांच्या कागदावर) तेच. "जुना वाडा" असं नाव दिलंत की तिसऱ्या दिवशी तीन जुने वाडे होतात.

माय मॅप्सची अडचण ही की नेटवर्क गेलं की ते हात वर करतं. म्हणून आदल्या रात्री केएमएल एक्सपोर्ट करून ऑरगॅनिक मॅप्स किंवा ओसमँडमध्ये टाकायची, दोन्ही ओपनस्ट्रीटमॅपवर, म्हणजे लोकांनीच भरलेल्या खुल्या नकाशावर चालतात आणि नकाशा आधीच फोनमध्ये उतरवलेला असतो. ही फाइल जवळ ठेवायचं आणखी एक कारण आहे, उद्या कुठलीही सेवा बंद पडली किंवा महाग झाली तरी काम आपल्या हातात राहतं. पैसे भरून घ्यायच्या अ‍ॅपबद्दल माझं मत विचाराल तर पहिल्या फीचरला नको. ज्या कामात तीन-चार जण एकाच वेळी लोकेशन बघतायत आणि सगळ्यांचे फोटो एका जागी आपोआप यायला हवेत तिथे पैसे वसूल होतात, एकट्याला नाही.

घरबसल्या स्काउटिंग होतं का? बऱ्यापैकी होतं, पण ते जागा नाकारायला जास्त उपयोगी. गुगल अर्थ प्रो डेस्कटॉपवर फुकट आहे, त्यात जुन्या काळातली सॅटेलाइट चित्रं बघता येतात, दोन बिंदूंमधली उंची-खोली बघता येते. स्ट्रीट व्ह्यू बघताना कोपऱ्यातली तारीख वाचायची सवय लावा, मी चार वर्षांपूर्वीचं सुंदर माळरान बघून गेलो आणि तिथे गोडाऊनची रांग उभी होती.

ओपनस्ट्रीटमॅपचा एक उपयोग फार कमी लोकांना माहीत असतो. ओव्हरपास टर्बो नावाचं पान आहे, त्यातल्या विझार्डला टॅग, म्हणजे जागेचा प्रकार दिला की स्क्रीनवर दिसणाऱ्या भागातल्या तसल्या सगळ्या जागा नकाशावर उमटतात. पाण्याच्या टाक्या, दीपगृहं, वापरात नसलेले रेल्वेमार्ग, पडक्या वास्तू. कोणीतरी नकाशावर भरलेलं असेल तेवढंच मिळतं, हे आलंच, पण डिरेक्टरने "एक सुनसान रेल्वेलाइन हवी" म्हटलं की दोनशे किलोमीटर गाडी फिरवायच्या आधी हे पाच मिनिटं करून बघा.

ऋतूसाठी सेंटिनेल-२ या उपग्रहांची चित्रं बघा, कोपर्निकस ब्राउझरवर फुकट मिळतात. १० मीटरला एक ठिपका एवढंच दिसतं, घर ओळखू येणार नाही, पण साधारण दर ५ दिवसांनी नवीन चित्र येतं. तुम्ही तळं भरलेलं असताना बघून आलात आणि शूट पाच महिन्यांनी आहे तर मागच्या वर्षी त्याच आठवड्यात तळ्यात पाणी होतं का हे इथे कळतं, ढग आडवे आले नसतील तर. गुगलचं गुळगुळीत चित्र हे सांगत नाही.

सूर्याबद्दल थोडं जास्त लिहितो कारण इथे नवीन माणूस सगळ्यात जास्त मार खातो. फोटोपिल्स, सन सीकर, सनकॅल्क, काहीही वापरा, पण तारीख शूटची टाका, आजची नको. विषुववृत्तावरसुद्धा वर्षभरात सूर्य उगवायची जागा ४७ अंश सरकते, आणि तिथून जितकं लांब जाल तितकी जास्त. दुसरं, अ‍ॅप सूर्यास्ताची जी वेळ सांगतं ती सपाट क्षितिजाची. समोर ५०० मीटरवर १०० मीटर उंच टेकडी असेल तर ती ११ अंशांपर्यंत आकाश अडवते, म्हणजे सूर्य त्या वेळेच्या किमान पाऊण तास आधीच गेला. गोल्डन अवर (सूर्यास्ताआधीचा सोनेरी उजेड) म्हणून प्लॅन केलेला सगळा सीन सावलीत. फोनचा कॅमेरा धरून आकाशात सूर्याचा मार्ग दाखवणारा एआर मोड असतो, तो कॅमेऱ्याच्या पिनवर उभं राहून बघायचा आणि स्क्रीनशॉट फोल्डरमध्ये टाकायचा. गल्लीत किंवा चौकात शूट असेल तर शेडमॅप बघा, इमारतींच्या सावल्या वेळेप्रमाणे सरकताना दिसतात. त्यात इमारतींची उंची चुकीची असू शकते, तेव्हा आकड्यावर डोळे मिटून विसंबू नका, पण १० मीटरच्या भिंतीची सावली सूर्य १० अंशांवर असताना ५७ मीटर पडते हे नुसतं ऐकण्यापेक्षा डोळ्यांनी बघितलेलं बरं.

फ्रेमिंगसाठी आर्टेमिस किंवा कॅड्राज अशी व्ह्यूफाइंडर अ‍ॅप आहेत, कॅमेरा आणि लेन्स निवडली की तेवढीच चौकट दिसते. डीओपीला कुठला कॅमेरा आहे ते विचारून सेट करा. नुसता फोनचा वाइड फोटो दाखवला की खोली दुप्पट मोठी वाटते आणि मग शिव्या स्काउटला.

सिंक साऊंड, म्हणजे शूट करतानाच आवाज रेकॉर्ड होणार असेल तर फ्लाइटरडारवर शूटच्या वेळेला डोक्यावरून विमानं जातात का ते आधी दोन-तीन दिवस बघा. ट्रक असतील तर गुगल मॅपचा रस्ता कारचा असतो हे विसरू नका, पुलाखालची उंची तो बघत नाही. ओपनस्ट्रीटमॅपवर कधी कधी उंची भरलेली असते, नसेल तर स्वतः जाऊन फलक वाचायचा आणि त्याचाही पिन टाकायचा.

आणि एक, कटकटीचं वाटेल पण करा. माय मॅप्सची लिंक "लिंक असलेला कोणीही" वर ठेवली की ती फिरत जाते. त्यात लोकांची राहती घरं असतात, मालकाचे फोन नंबर असतात. नंबर नकाशावर लिहायचेच नाहीत, ते शीटमध्ये आणि शीट मोजक्या लोकांकडे. बाहेरच्यांना फोटो पाठवायचे असतील तर लोकेशन काढून पाठवा, इथे व्हॉट्सअ‍ॅपची खोड उलट कामाला येते.

आता तुमचे ते ६०० फोटो. आज रात्री सगळे एका फोल्डरमध्ये घ्या आणि डिजिकॅममध्ये उघडा, लोकेशन असलेले नकाशावर आपोआप पडतील. नसलेल्यांपैकी जे तुमच्याच फोनने काढलेत ते वेळेप्रमाणे लावा, आगे-मागे लोकेशन असलेला फोटो पाच-सात मिनिटांच्या आत असेल आणि तुम्ही तेव्हा पायी असाल तर तेच आकडे कॉपी करा. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेल्यांत शोधत बसू नका, पाठवणाऱ्याकडे मूळ फाइल मागा, त्याच्या गॅलरीत अजून असेल. एवढं करून शंभरेक उरतील. त्यातले डिरेक्टरला खरंच आवडलेले किती ते विचारा, माझ्या अंदाजाने दहा-बारा निघतील, त्या जागांना परत जाऊन या म्हणजे तीन पिन आणि चारी दिशा एकदाच होऊन जातील. पुलाच्या जागेपासून सुरुवात करा, तो रोज विचारतोय ना.